चिटणिसाचं घराणं

मजकूर संपतो आणि सह्या सुरू होतात. पण त्या एकाखाली एक नाहीत. मधे थोडी जागा मोकळी सोडून तिच्याभोवती बारा नावं गोलाकार लिहिली आहेत. कागद फिरवत गेलं तरच ती सरळ वाचता येतात, आणि पहिलं नाव कुठलं, शेवटचं कुठलं, हे सांगायला काही जागाच उरत नाही. उघडलेल्या कागदी छत्रीच्या काड्या मधल्या दांड्यापासून अशाच फाकतात, म्हणून जपानात या प्रकारच्या सह्यांना छत्रीचंच नाव आहे. हा कागद १५५७ सालच्या अखेरीचा. पश्चिम जपानातल्या आकी प्रांतातल्या, म्हणजे आजच्या हिरोशिमाच्या आसपासच्या, बारा सरदारांनी एकमेकांना वचन दिलं आहे: मोहिमेवर असताना आपल्यापैकी कोणाच्याही माणसांनी लुटालूट केली किंवा परस्पर छावणी सोडली, तर त्यांना प्राणदंड.

या बारा जणांत मोऽरी मोतोनारी आहे आणि त्याचे तीन मुलगे आहेत. मोतोनारी तेव्हा साठीचा होता. त्याच वर्षी त्याने ओउची हे पश्चिमेतलं सर्वांत श्रीमंत घराणं संपवलं होतं. त्या वर्तुळातल्या कोणालाही त्याच्यापुढे उभं राहणं आता जमलं नसतं, आणि हे सगळ्यांना कळत होतं. तरीही त्याने स्वतःचं नाव वर न लिहिता इतरांच्या बरोबरीने गोलात लिहिलं. हे पुस्तक लिहावंसं वाटलं ते या कागदामुळे. एवढी ताकद हातात आलेल्या माणसाला असा कागद का लागावा, या प्रश्नाचं उत्तर शोधत मागे जात राहिलो, आणि पार बाराव्या शतकात जाऊन पोचलो.

आधी नावाबद्दल. मराठीत ‘मोरी’ लिहिलं तर भलताच अर्थ डोळ्यांपुढे येतो, आणि जपानी उच्चारातही पहिलं अक्षर लांबवावं लागतं, म्हणून इथे सगळीकडे ‘मोऽरी’ लिहिलं आहे. जपानी नावात घराण्याचं नाव आधी आणि व्यक्तीचं नंतर येतं. तो क्रम तसाच ठेवला आहे. एकाच घराण्यातल्या पुरुषांच्या नावांत एखादं अक्षर पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतं. या घराण्यात ते ‘मोतो’ आहे, त्यामुळे हिरोमोतो, ओकिमोतो, ताकामोतो, तेरुमोतो ही नावं सुरुवातीला गोंधळात टाकतील. दोन-तीन प्रकरणांनंतर ती घरातल्या नावांसारखी वाटू लागतात, हा माझा अनुभव आहे.

या घराण्याचा मूळपुरुष सामुराई नव्हता. ओए नो हिरोमोतो (११४८ ते १२२५) हा क्योतोच्या दरबारातला कारकुनी पेशाचा विद्वान. ओए कुळात पिढीजात धंदा होता तो चिनी ग्रंथांचा, हुकूमनाम्यांचा, शाई-कागदाचा. हिरोमोतोचा पणजोबा मासाफुसा याच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. मिनामोतो नो योशिइए या गाजलेल्या योद्ध्याने त्याच्याकडून युद्धशास्त्राचे पाठ घेतले. पुढे उत्तरेच्या एका लढाईत शेताकडे उतरणारे रानहंस अचानक रांग मोडून पांगले, आणि खाली गवतात माणसं दबा धरून आहेत हे योशिइएने पाठ आठवून ओळखलं. गोष्ट खरी असो की रचलेली, ओए कुळाला स्वतःकडे कसं बघायचं होतं ते तिच्यातून दिसतं: तलवार दुसऱ्याच्या हातात, आणि तिला वाट दाखवणारी अक्षरं आपली.

मिनामोतो नो योरितोमो पूर्वेला कामाकुरात आपली सत्ता उभी करत होता, तेव्हा त्याच्याजवळ लढणारे हजारो होते, पण दप्तर सांभाळणारा माणूस नव्हता. ११८४ साली हिरोमोतो दरबार सोडून कामाकुराला गेला आणि योरितोमोच्या दप्तरखान्याचा पहिला प्रमुख झाला. आपल्या भाषेत सांगायचं तर चिटणीस. पुढच्याच वर्षी प्रांतोप्रांती सुभेदार आणि गावोगावी वसुलीचे अधिकारी नेमण्याची परवानगी दरबाराकडून मिळवावी, असा सल्ला त्याने दिला, असं कामाकुराच्या इतिहासग्रंथात नोंदलं आहे. गावपातळीवरच्या त्या अधिकाऱ्याला ‘जितो’ म्हणत. आपल्या वतनदाराशी त्याचं बरंच साम्य आहे: जमिनीतलं उत्पन्न, ते वसूल करण्याचा हक्क, आणि तो हक्क पोरांना वाटून देण्याची सोय. पुढची कित्येक शतकं जपानी योद्धे ज्या पायावर उभे राहिले, तो पाया घालण्यात या कारकुनाचा हात होता.

आणखी एक प्रसंग मला विसरता येत नाही. १२२१ साली निवृत्त सम्राट गो-तोबा याने कामाकुराविरुद्ध युद्ध पुकारलं. कामाकुराचे सरदार म्हणाले, हाकोनेचे घाट अडवून बसू. सत्तरी ओलांडलेला हिरोमोतो म्हणाला, वाट बघत बसलात तर आपलीच माणसं डळमळतील, ताबडतोब क्योतोवर चालून जा. त्याचं ऐकलं गेलं आणि कामाकुरा जिंकलं. त्याचा स्वतःचा थोरला मुलगा मात्र त्या वेळी सम्राटाच्या बाजूने लढत होता.

चौथा मुलगा सुएमित्सु कामाकुराच्या बाजूने लढला. सागामी प्रांतातली मोऽरी नावाची जहागीर त्याच्याकडे होती. आजच्या कानागावा प्रांतातल्या आत्सुगी शहराच्या हद्दीत तो मुलूख येतो. जहागिरीचं नाव त्याने आडनाव म्हणून घेतलं. घराणं सुरू झालं ते इथे, आणि संपता संपता राहिलं तेही याच माणसाच्या हयातीत. १२४७ साली होजो आणि मिउरा या दोन बलाढ्य घराण्यांत ठिणगी पडली. सुएमित्सुची मुलगी होजोंच्या घरात दिलेली, आणि बायको मिउरांची लेक. तो चिलखत चढवून होजोंकडे निघाला. बायकोने त्याची बाही धरली आणि विचारलं, माझ्या भावाला सोडून जोरावर असलेल्यांकडे जाणं हे योद्ध्याला शोभतं का? तो वळला आणि मिउरांना जाऊन मिळाला. संध्याकाळपर्यंत मिउरा हरले होते. योरितोमोच्या समाधीमंदिरात शेकडो माणसं जमली, आणि मरण्याआधी सगळ्यांनी अमिताभ बुद्धाचं नामस्मरण केलं. ते नामस्मरण सांगणारा होता सुएमित्सु. त्याच्याबरोबर त्याचे मुलगेही गेले.

वाचला एक. त्सुनेमित्सु नावाचा मुलगा त्या वेळी दूर एचिगो प्रांतातल्या जहागिरीवर होता आणि या भानगडीत नव्हता. मूळ मोऽरी गाव हातचं गेलं, पण एचिगोतली जमीन आणि आकी प्रांतातलं योशिदा नावाचं एक डोंगरी खोरं त्याच्याकडे राहिलं. १३३६ साली त्याच्या वंशातला तोकिचिका योशिदाला राहायला आला. तिथून पुढची दीडशे वर्षं मी एका छोट्या प्रकरणात उरकली आहेत: भाऊबंदकी, वाटण्या, कधी या बाजूला कधी त्या बाजूला, आणि कोरियामा नावाच्या टेकडीवरची गढी. आकी प्रांतात असे लहान जमीनदार योद्धे तीसेक तरी होते. मोऽरी त्यांच्यातलेच एक.

मोतोनारी १४९७ साली जन्मला तो या घरात, आणि तोही धाकटा मुलगा म्हणून. घराण्याची गादी त्याच्या वाट्याला यायचीच नव्हती. चार-पाच वर्षांचा असताना आई गेली, नऊ-दहा वर्षांचा असताना वडील गेले. वडिलांनी ठेवलेली छोटी जहागीर इनोउए नावाच्या घरच्याच सरदाराने बळकावली. लोक या पोराला भिकारी राजपुत्र म्हणत, असं परंपरा सांगते. त्याला सांभाळलं त्याच्या वडिलांच्या दुसऱ्या बाईने. ती तरुण होती, दुसरं घर करू शकली असती, पण पोराला टाकून गेली नाही. म्हातारपणी मोतोनारीने हे स्वतः लिहून ठेवलं आहे. अकरा वर्षांचा असताना ती त्याला एका फिरत्या साधूकडे घेऊन गेली. तिथे त्याने नामस्मरणाची दीक्षा घेतली, आणि रोज सकाळी उगवत्या सूर्यासमोर तो नाम घेत राहिला. अडीचशे वर्षांपूर्वी समाधीमंदिरात सुएमित्सुने घेतलेलं नामही अमिताभाचंच.

१५१६ मध्ये थोरला भाऊ ओकिमोतो वारला. त्याचा मुलगा नावापुरता प्रमुख झाला आणि १५२३ साली तोही नऊ वर्षांचा होऊन गेला. मोतोनारी गादीवर आला. दुसऱ्याच वर्षी सावत्र भावाने उठाव केला आणि मोतोनारीने त्याला मारलं.

योशिदाचं खोरं दोन मोठ्या सत्तांच्या मधे होतं. उत्तरेला इझुमोचे अमागो, पश्चिमेला यामागुचीचे ओउची. दोन हत्तींच्या झुंजीत गवताचं जे होतं तेच अशा घरांचं व्हायचं. मोतोनारी आधी अमागोंकडे होता, मग ओउचींकडे गेला, आणि १५३७ मध्ये थोरला मुलगा ताकामोतो याला ओलीस म्हणून यामागुचीला पाठवलं. १५४० च्या शरदात अमागो चालून आले. बखरी त्यांची फौज तीस हजारांची सांगतात. कोरियामाच्या गढीत लढणारे अडीच हजारांच्या आत होते, पण आसपासच्या गावांतले शेतकरी, म्हातारे, बायकामुलं सगळी त्याने आत घेतली होती, असं म्हणतात. खाणारी तोंडं वाढवणं वेढ्यात वेडेपणाचं असतं. पण त्याच माणसांनी चार महिने तटावर दगड, पाणी, लाकूड वाहिलं, आणि आपली पोरं आत असल्यामुळे खोऱ्यातल्या कोणी शत्रूला वाटही दाखवली नाही. ओउचींची दहा हजारांची कुमक आली आणि १५४१ च्या सुरुवातीला अमागो मागे फिरले. ती कुमक घेऊन येणाऱ्या तरुण सेनापतीचं नाव सुए ताकाफुसा. पुढे त्याने हारुकाता हे नाव घेतलं. ते लक्षात ठेवावं.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना माझा हात जड होतो. मोतोनारीने आपलं घर वाढवलं ते दत्तक देऊन. दुसरा मुलगा मोतोहारु याला किक्कावा घराण्यात दिला. ते त्याच्या आईचं माहेर. तिसरा ताकाकागे याला कोबायाकावा घराण्यात दिला, ज्यांच्याकडे समुद्रकिनारा होता आणि गलबतं होती. ऐकायला हे सोयरिकीसारखं वाटतं. पण किक्कावांचा आधीचा प्रमुख, म्हणजे मोतोहारुचा मामेभाऊ, जिवंत होता. त्याला सक्तीने निवृत्त केलं आणि १५५० मध्ये त्याच्या लहान मुलासकट मारलं. कोबायाकावांच्या मोठ्या शाखेचा तरुण प्रमुख आंधळा होता. त्याला बाजूला सारून त्याच्या बहिणीशी ताकाकागेचं लग्न लावलं. त्याच वर्षी इनोउए घराण्यातल्या तीसेक माणसांना एका झटक्यात कापलं. ज्यांनी लहानपणी जहागीर गिळली ते हेच घराणं. त्यांचे अपराध मोतोनारीने यादी करून लिहून ठेवले आहेत, आणि इतकी वर्षं आपण ते कसे गिळले हेही. मोतोनारीचं चरित्र लिहिणारे पुष्कळदा या वर्षावरून घाईने पुढे जातात. मला ते पटत नाही. मोऽरींचा उदय १५५० च्या रक्ताशिवाय झाला नसता, आणि ते त्याला स्वतःलाही माहीत होतं.

आणि इथेच कागद पुन्हा येतो. इनोउएंच्या कत्तलीनंतर आठवड्याभरात २३८ सरदार-शिलेदारांनी एका शपथपत्रावर सह्या केल्या. इनोउएंना झालेली शिक्षा योग्य होती आणि यापुढे मोऽरींचा निवाडा मानू, हे त्यात आहेच. पण पुढची कलमं वाचताना एकदम शेताच्या बांधावर गेल्यासारखं वाटतं: पाण्याचे बंधारे, पाट आणि वाटा या धन्याच्या. कोणाच्या शेतातून पाट न्यायचा यावरून पिढ्यान्‌पिढ्या डोकी फोडणाऱ्या माणसांनी हे लिहून दिलं. भीतीपोटी दिलं हे खरं, पण पाण्याच्या भांडणाला अखेर कोणीतरी ठिकाण दिलं याचा दिलासाही त्यात असावा. ज्याने पाटाचं पाणी वाटलं, तो त्या खोऱ्याचा खरा धनी झाला.

१५५१ मध्ये सुए हारुकाताने आपल्याच धन्याविरुद्ध, ओउची योशिताकाविरुद्ध, उठाव केला. योशिताकाने एका मठात पोट चिरून घेतलं. मोतोनारीला या मसलतीची आधीपासून कल्पना होती आणि तो गप्प राहिला. तीन वर्षांनी तो हारुकातावर उलटला. कोरियामाच्या वेढ्यात आपल्याला वाचवायला आलेल्या त्याच माणसावर.

१५५५ ची इत्सुकुशिमाची लढाई या पुस्तकात सर्वांत मोठी जागा घेते. हिरोशिमाच्या उपसागरातलं हे बेट. तिथलं देऊळ खांबांवर उभं आहे. भरतीला पाणी ओसरीखाली येतं आणि ओहोटीला महाद्वारापर्यंत चिखलातून चालत जाता येतं. बेट इतकं पवित्र की तिथे जन्म आणि मृत्यू दोन्ही वर्ज्य होते. मोतोनारीने त्या बेटावर एक किल्ला बांधला. मोठ्या फौजेला अरुंद जागेत ओढून आणण्यासाठी टाकलेलं ते आमिष होतं, असं मानतात. हारुकाता आपली फौज घेऊन बेटावर उतरला. ती वीस हजारांची आणि मोऽरींची चारेक हजारांची, हे आकडे नंतरच्या बखरींतले आहेत, पण तफावत मोठी होती यात शंका नाही. जुन्या पंचांगाच्या नवव्या महिन्याच्या शेवटच्या रात्री वादळात मोतोनारीची माणसं गलबतांतून बेटाच्या मागच्या बाजूला उतरली, अंधारात डोंगर चढली आणि पहाटे वरून शत्रूवर कोसळली. समोरून ताकाकागेची माणसं आली, आणि समुद्रावर मुराकामी दर्यावर्दी मोऽरींच्या बाजूने उभे होते. बेटावरून पळायला वाट नव्हती. हारुकाताने किनाऱ्यालगत आत्महत्या केली. लढाईनंतर मोतोनारीने प्रेतं आणि जखमी समोरच्या किनाऱ्यावर हलवले, रक्त सांडलेली माती खरवडून काढली आणि देवळाच्या फळ्या धुऊन घेतल्या, असं सांगतात. पवित्र जागा लढाईसाठी निवडणाराही तोच आणि ती धुणाराही तोच.

मोऽरी म्हटलं की जपानी माणसाला तीन बाण आठवतात. मरणशय्येवरचा बाप तीन मुलांच्या हातात एकेक बाण देतो, तो मोडतो. तीन एकत्र देतो, ते मोडत नाहीत. हिरोशिमाच्या फुटबॉल संघाच्या नावातही हे बाण आहेत, आणि अकिरा कुरोसावाच्या ‘रान’ या १९८५ च्या चित्रपटातही. पण असं घडलं नाही. मोतोनारी १५७१ मध्ये वारला, आणि थोरला ताकामोतो त्याच्या आठ वर्षं आधीच गेला होता. गोष्टीमागे आहे ते एक पत्र, त्याच १५५७ सालचं. चौदा कलमांचं, जवळजवळ तीन मीटर लांबीचं. म्हातारा माणूस पुन्हा पुन्हा तेच सांगतो. दुसऱ्या घरांची नावं घेतलीत तरी मोऽरी हे नाव टाकू नका. आपलं भलं व्हावं असं वाटणारा माणूस परक्या मुलखात नाहीच, या प्रांतातही नाही. मी पुष्कळ माणसं मारली आहेत, त्याचं फळ कुठेतरी फिरून येणार. तुमच्या बहिणीला अंतर देऊ नका. आणि बारा वर्षांपूर्वी गेलेल्या त्यांच्या आईची आठवण. त्या पत्रात बाण कुठेही नाहीत. एका मोठ्या योद्ध्याची इतकी उघडी काळजी मी दुसरीकडे वाचलेली नाही. छत्रीच्या सह्यांचा कागद याच्यानंतर आठवडाभरातला आहे. दोन्ही एकाच भीतीतून लिहिलेले, एक घरासाठी आणि एक शेजाऱ्यांसाठी.

पुढची दहा वर्षं भराभर जातात. इवामीच्या चांदीच्या खाणी १५६२ मध्ये हाती आल्या. शिसं आणि राखेच्या मदतीने चांदी गाळण्याची पद्धत तिथे तीस वर्षांपूर्वी आली होती आणि तेव्हापासून प्रत्येक सत्तेचा त्या डोंगरावर डोळा होता. १५६६ मध्ये अमागोंचा शेवटचा किल्ला पडला. त्या मोहिमेच्या छावणीत मोतोहारु, तिघांतला सर्वांत लढवय्या, ‘ताइहेइकी’ या चाळीस खंडांच्या युद्धग्रंथाची नक्कल स्वतःच्या हाताने उतरवत होता. ती प्रत आजही आहे. मला त्यात सुएमित्सुचा बाप दिसतो. आणि १५६० मध्ये क्योतोच्या दरबाराकडे सम्राटाच्या राज्यारोहणासाठी पैसे नव्हते, समारंभ दोन वर्षांहून अधिक रखडला होता, तेव्हा मोऽरींनी खर्च दिला. त्याबद्दल मोतोनारीला मुत्सु प्रांताच्या सुभेदाराची पदवी मिळाली. तो प्रांत दूर ईशान्येला, त्याने कधी पाहिलेलाही नाही. पण साडेतीनशे वर्षांपूर्वी कामाकुराच्या त्या चिटणिसाला दरबाराने दिलेली पदवी हीच होती.

हे पुस्तक १५७१ ला थांबतं. नातू तेरुमोतो याने हिरोशिमाचा किल्ला बांधला, १६०० मध्ये सेकिगाहाराच्या लढाईत हरलेल्या बाजूचा नावापुरता सरसेनापती झाला आणि मुलखाचा मोठा भाग गमावून जपानी समुद्राकाठच्या हागीला गेला, आणि तिथूनच अडीचशे वर्षांनी शोगुनशाही उलथवणारी माणसं निघाली. तो वेगळा ग्रंथ आहे. मला सांगायचं होतं ते खोऱ्यातून वर येण्याबद्दल.

शेवटच्या वर्षांतलं आणखी एक पत्र मी मुद्दाम शेवटच्या प्रकरणासाठी राखून ठेवलं आहे. ते ताकामोतोच्या विधवेला, तेरुमोतोच्या आईला, लिहिलेलं आहे. मोतोनारीचे आजोबा, वडील आणि भाऊ, तिघेही दारूपायी अकाली गेले. भावाने तर पंचविशीही पाहिली नाही. तो स्वतः दारूला शिवत नसे. आता नातू मोठा होत होता आणि त्याच्यापुढे पेला येऊ लागला होता. दहा प्रांतांचा धनी झालेला म्हातारा सुनेला लिहितो: त्याला पाजायचीच तर लहान वाटीने, एक नाहीतर दोन, त्याहून जास्त नको, आणि हे तू स्वतः त्याला समजावून सांग.